‘पैसा वसूल’चं ओझं

हातात पाच-सहा हजार डॉलर, दारात एक पिकअप आणि डोंगरात जाऊन झोपायची हौस. एवढ्या भांडवलावर जुना ट्रक कॅम्पर शोधायला निघालेल्या माणसाला अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून हमखास एकच सल्ला मिळतो: एवढ्या पैशांत मिळेल तो सगळ्यात मोठा घे. संडास-बाथरूमवाला, ओव्हनवाला, अकरा फुटी. जुना असला तर असू दे. थोडा गळत असला तर डागडुजी करू. ट्रक मागून जरा बसला तर हवेचे स्प्रिंग टाकू. नवा घ्यायचा तर तीस-चाळीस हजारांच्या पुढची बात. इथे पाच हजारांत अख्खं घर मिळतंय, पैसा वसूल!

सल्ला आपुलकीचा असतो, याबद्दल शंका नाही. देणाऱ्याने स्वतः कॅम्पर घेतलेला नसतो, ही वेगळी गोष्ट. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि चुकीचं असण्यापेक्षा वाईट म्हणजे ते नेमकं त्या माणसाला महागात पडतं ज्याच्याकडे पैसे कमी आहेत. माझं म्हणणं उलट आहे. बजेट जितकं लहान, तितका कॅम्पर लहान, हलका आणि कोरडा हवा. आणि तो बघायला जाण्याआधी आपल्याच ट्रकचं दार उघडून बघायला हवं.

महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायची खोली. तिला स्वतःची चाकं नसतात. चार कोपऱ्यांना चार जॅक. त्यांच्यावर ती उचलून धरायची, ट्रक मागे घेत घेत तिच्याखाली आणायचा, मग खोली खाली उतरवून साखळ्या किंवा दांड्यांनी ट्रकला आवळायची. पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर झेपावलेला असतो, तिथे झोपायची जागा. म्हणजे खोलीचं, पाण्याचं, भांड्यांचं, गादीचं सगळं वजन ट्रकच्या पाठीवर.

इथेच पहिला घोटाळा होतो. “माझा ट्रक नऊ हजार पौंड ओढतो, तीन हजारांचा कॅम्पर म्हणजे किस झाड की पत्ती,” असं छाती काढून सांगितलं जातं. ओढणं आणि पाठीवर घेणं यांत फरक आहे. हातगाडीवर दहा पोती ओढणारा हमाल पाठीवर दहा पोती घेत नाही. ट्रेलरचं वजन त्याची स्वतःची चाकं पेलतात, ट्रकवर त्यातला साधारण दहा ते पंधरा टक्के भार येतो. कॅम्परचा शंभर टक्के येतो. त्यामुळे जाहिरातीत मिरवणारा ओढण्याचा आकडा इथे काहीच कामाचा नाही. कामाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर असतो: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका. हाच पेलोड. फार जुन्या ट्रकवर ही पट्टी नसेल तर दारावरच गाडीचं भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. ट्रक रिकामा वजनकाट्यावर नेऊन ते वजन त्यातून वजा करायचं. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात, ते पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं देतात, आणि खर्च एका पिझ्झाएवढाही येत नाही.

आता हिशोब मांडू. फोर्ड एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० हे ‘हाफ-टन’ म्हणवणारे ट्रक आपल्या लोकांत सर्वांत जास्त. त्यांचा पेलोड मॉडेलप्रमाणे बदलतो. १,५०० पौंड धरू. नवरा-बायको ३००, दोन मुलं १४०. राहिले १,०६०. टाकीत वीस गॅलन पाणी: गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे १६७. भरलेला लहान गॅस सिलिंडर ३७. बॅटरी ५५ च्या आसपास. राहिले आठशे. त्यात पांघरुणं, कपडे, खुर्च्या, बर्फाचा डबा; आणि आपण मराठी असल्यामुळे कुकर, तवा, पोळपाट, तांदूळ, कणीक आणि कुणाच्या तरी आईने दिलेली लोणच्याची बरणी. दोनशे पौंड सहज. उरले सहाशे, आणि त्यात अजून कॅम्पर बसायचा आहे. सहाशे पौंडांत मिळतं ते जवळजवळ रिकामं कवच. ज्या अकरा फुटी कॅम्परवर आपली मंडळी लुब्ध असतात, त्याचं कोरडं वजनच अडीच ते तीन हजार पौंड असतं. भरला की साडेतीनच्या पुढे. ही जादा ओझ्याची गोष्ट नाही, दुपटीपेक्षा जादा ओझ्याची आहे.

यावर उत्तर येतं की माझा ट्रक हाफ-टन नाही, थ्री-क्वार्टर-टन आहे, डिझेल आहे. छान. पण डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, चार दारांची केबिन जड असते, आणि दारावरची पट्टी वाचली की पुष्कळदा दोन ते अडीच हजारांचाच आकडा निघतो. त्यापेक्षा दोन दारांचा, पेट्रोलवर चालणारा, लांब हौद्याचा साधा ट्रक जास्त पेलतो. तो कुणाला दाखवायला आवडत नाही, म्हणून जुन्या बाजारात स्वस्तही मिळतो.

लेखक जॉन स्टाइनबेकने १९६० साली केलेल्या अमेरिका-प्रवासाचं उदाहरण कॅम्परवाले नेहमी देतात. त्याचा तो कॅम्पर आज कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या संग्रहालयात आहे. त्यावर भाळणारे एक गोष्ट विसरतात: त्याने आधी थ्री-क्वार्टर-टन ट्रक हवा असं ठरवलं आणि मग त्यावर एक बुटकी, सुटसुटीत खोली बसवून घेतली. आपण मात्र आधी खोली पसंत करतो आणि मग ट्रकला म्हणतो, जमवून घे.

जमवून घेण्याचा लोकप्रिय मार्ग म्हणजे मागच्या एक्सलवर बसवायचे हवेचे स्प्रिंग. ते वाईट नाहीत. क्षमतेच्या आत असलेला ट्रक सरळ उभा राहावा, डुलू नये, यासाठी ते चांगलं काम करतात. पण मागचा भाग उचलला गेला की वजन कमी झालं असं वाटू लागतं, आणि ते धोकादायक आहे. एक्सल तोच, रिम त्याच, ब्रेक तेच. स्प्रिंग बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा बजावतात की यामुळे गाडीची ठरवून दिलेली क्षमता वाढत नाही. टायरचंही तसंच. लोड-रेंज ई चा एलटी२४५/७५आर१६ टायर ८० पीएसआय हवेला ३,०४२ पौंड पेलतो. साध्या प्रवासी टायरला ते जमत नाही. आणि टायरच्या बाजूवरचे डीओटीनंतरचे शेवटचे चार अंक वाचा, आठवडा आणि साल असतं. २३१४ लिहिलं असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसली तरी त्याच्यावर घर ठेवू नका.

“अहो, लोक चालवतात की!” चालवतात. कोलोरॅडोतल्या आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांच्या वर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरणारा रस्ता इतका तीव्र आहे की ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेत. सपाट टेक्ससमध्ये निभावलेलं जादा ओझं तिथे निभावतंच असं नाही, आणि ब्रेकचा वास आल्यावर पेलोडची पट्टी वाचून उपयोग नसतो.

वजनाचा मुद्दा निदान आकड्यांनी सिद्ध होतो. पाण्याचा होत नाही, आणि खरी फसवणूक तिथेच आहे. “थोडा गळतो” या शब्दांत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून एक सोयीचं खोटं लपवलेलं असतं.

जुने स्वस्त कॅम्पर बहुतेक एकाच रीतीने बांधलेले असतात. दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये काचतंतूंची लोकर, बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूडवर छापील कागद. पाणी पत्र्यातून येत नाही, भोकांतून येतं. आणि कॅम्परच्या छताला भोकं भरपूर: हवेचे झरोके, फ्रीजची चिमणी, एसी, शिडीचे स्क्रू, पुढच्या-मागच्या लहान पिवळ्या-तांबड्या दिव्यांच्या तारा, कोपऱ्यावरच्या धातूच्या पट्ट्या. केबिनवरच्या नाकाला समोर खिडकी असेल तर विचारूच नका. ताशी साठ-सत्तर मैलांच्या वेगाने पाऊस तिच्यावर आपटत असतो. आत शिरलेलं पाणी सांगाड्याच्या लाकडात मुरतं, लोकर भिजून राहते, आणि कित्येक वर्षं आतून काहीच दिसत नाही. आतला कागद फुगतो तेव्हा लाकूड बरंच आधी गेलेलं असतं.

म्हणून बघायला जाताना आधी नाकातल्या गादीचा कोपरा उचलावा. तिथेच, खालच्या दोन पुढच्या कोपऱ्यांत, पहिली कूज सापडते. अंगठ्याने जोरात दाबून बघावं. प्लायवूड बिस्किटासारखं दबलं तर बोलणं संपवून घरी यावं. कपाटांच्या आतले वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, संडासामागची भिंत. मग बाहेर येऊन हौद्याच्या कडांवर टेकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पंखांखाली वाकून बघावं. त्या पंखांची कूज फार कमी लोक बघतात, आणि जॅकचे पाय नेमके तिथल्या कोपऱ्यांतच बोल्टने जोडलेले असतात. अख्खा कॅम्पर ज्या लाकडावर उचलायचा तेच मऊ असेल, तर जॅक ओढून निघतो आणि खोली एका बाजूला कोसळते. विकणाऱ्याला त्याच्यासमोर कॅम्पर जॅकवर पूर्ण उचलायला सांगावा. काचकूच करत असेल तर का, ते बघावं. ओल मोजायचं दोन टाचण्यांचं यंत्र तीस-चाळीस डॉलरला मिळतं. पाच हजारांच्या सौद्यापुढे एवढा खर्च करायला हरकत नाही.

छतावर चढता येत नसेल तर शिडी मागून घ्यावी. जोडांवर पांढरा-करडा, पसरून बसलेला सीलंट असेल तर माणसाने रीतसर काळजी घेतली आहे. सगळीकडे चकचकीत सिलिकॉन थापलेला असेल तर घाबरगुंडीतली मलमपट्टी आहे. त्यावर नवा सीलंट धड चिकटतही नाही, आधी तो सगळा खरवडून काढावा लागतो. आत नुकताच रंग मारलेला, नाकात तेवढाच नवा पॅनेल, फरशीवर नवं व्हिनाइल: झाकली मूठ. “कधीच गळला नाही,” हे वाक्य तर प्रत्येक विकणारा म्हणतो. त्याला विचारावं की छताचे जोड शेवटचे कधी सील केले. ज्याने दर एक-दोन वर्षांनी केले असतील तो सांगेल, बरेचदा डबाही दाखवेल.

बाहेरून गुळगुळीत फायबरग्लासची भिंत असेल तर बाजूला उभं राहून तिरप्या उजेडात बघावी. फुगवटे दिसले तर आतला थर सुटलेला आहे आणि तो परत चिकटत नाही. बिगफूट किंवा नॉर्दर्न लाइटसारखे ब्रिटिश कोलंबियात बनणारे दोन साच्यांचे फायबरग्लास कॅम्पर याला बरेचसे अपवाद आहेत, कारण त्यांना जोडच कमी. पण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते जुने झाले तरी किंमत धरून राहतात, आणि वजनालाही हलके नाहीत. पाच हजारांत चांगला मिळाला तर नशीब म्हणायचं. त्या आशेवर योजना करू नये.

“गळती दुरुस्त होते” हेही ऐकून घेऊ. होते. पण कशी, ते कुणी सांगत नाही. पुढच्या कोपऱ्याच्या पट्ट्या काढायच्या, पत्रा सोडवायचा, भिजलेली लोकर फेकायची, कुजलेल्या पट्ट्या कापून नव्या जोडायच्या, त्या जोडताना कळतं की शेजारचीही गेली आहे, मग तिच्या शेजारची. हे सगळं चालू असताना पाऊस पडू नये म्हणून छप्पर हवं, आणि कॅम्पर मावेल एवढ्या उंच दाराचं गॅरेज भाड्याच्या घराला नसतं. ज्याच्याकडे गॅरेज, हत्यारं, सुताराचा हात आणि रिकामे शनिवार आहेत त्याने जरूर घ्यावा. कमी बजेटच्या माणसाकडे नेमकं यातलंच काही नसतं. तो आठवड्याला पन्नास तास नोकरी करून मुलांना पोहायला नेणारा असतो. दुकानात दुरुस्ती करायची तर मजुरी तासावर, आणि बिल कॅम्परच्या किमतीला गाठतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शेवटी अर्धवट उघडलेला कॅम्पर मागच्या अंगणात उभा राहतो आणि तो उचलून न्यायला भंगारवालाच उलट पैसे मागतो.

मोठ्या कॅम्परचं आकर्षण ज्या सोयींत असतं, त्यांनाही हेच लागू आहे. संडास म्हणजे मैल्याची टाकी, टाकी म्हणजे ती रिकामी करायची जागा शोधत फिरणं. गॅसवर चालणारा जुना फ्रीज हे सगळ्यात महाग यंत्र. नवा बसवायचा तर हजार डॉलरच्या वर. मागची जाळी काढून नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर तो गेलेला आहे, मालक काहीही म्हणो. आणि आदल्या रात्रीच गॅसवर चालू करून ठेवायला सांगावं, कारण असा फ्रीज थंड व्हायला कित्येक तास घेतो. आपण पोहोचल्यावर लावला तर काहीच कळत नाही. लहान कॅम्परमध्ये बर्फाचा डबा असतो. तो बिघडत नाही.

मग घ्यावा कोणता? उघडझाप छताचा, ज्याला पॉप-अप म्हणतात. छत खाली असताना केबिनपेक्षा थोडाच उंच, वाऱ्याला कमी अडतो, आणि उंच भिंतीच नसल्यामुळे वजन व कुजायला लाकूड दोन्ही कमी. फोर व्हील कंपनीच्या पॉप-अपचा सांगाडा तर ॲल्युमिनियमचा असतो, पण म्हणून तपासणी सोडू नये. तळ आणि कपाटं प्लायवूडचीच असतात. जुने पॅलोमिनो त्यापेक्षा स्वस्त मिळतात. कापडाच्या भिंतीला घड्यांवर बारीक भोकं पडतात, ती दिवसा आत बसून उजेडाकडे बघितलं की दिसतात. अख्खं कापड बदलणं स्वस्त नसतं. छिद्रं भरणं मात्र जमण्यासारखं आहे.

पॉप-अपवर दोन आक्षेप खरे आहेत. कडाक्याच्या थंडीत कापडी भिंती उबदार नसतात, आणि बंद करून स्वयंपाक केला की आतून घाम फुटल्यासारखं पाणी टपकतं. कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर तर पाऊसच. झरोका उघडा ठेवायचा, कुकर बाहेरच्या शेगडीवर. दुसरा आक्षेप मुलांचा: चौघांना तो पुरत नाही. मान्य. पण हाफ-टन ट्रक आणि दोन मुलं असतील तर वरचा हिशोब पुन्हा बघा. त्या कुटुंबाला कुठलाच ट्रक कॅम्पर पुरत नाही. त्यांनी त्याच पैशांत लहान जुना ट्रेलर घ्यावा, वजन त्याची चाकं घेतील. हट्टाने कॅम्परच घ्यायचा तर आधी ट्रक बदलावा, आणि तो खर्च ‘पैसा वसूल’वाल्यांनी धरलेलाच नसतो.

त्यांनी आणखीही काही धरलेलं नसतं. हौदा साडेसहा फुटी आहे की आठ फुटी. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढे येतो की मागे. लांब कॅम्पर आखूड हौद्यात टाकला की तो मागे जातो आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंग. ट्रकच्या मूळ कागदपत्रांत याची आकृती असते. जुन्या काळच्या ट्रकांचे हौदे बुटके होते. त्यांच्यासाठी बनवलेला कॅम्पर आजच्या उंच ट्रकमध्ये कडांवर किंवा केबिनच्या टपावर टेकतो, मग खाली प्लायवूड आणि फोमचा चौथरा करावा लागतो. आणि आवळण्याचं सामान. हौद्याच्या पत्र्याला हुक लावून आवळणारे दिसतात, पण पत्रा त्यासाठी नसतो. चेसिसला जोडलेले टाय-डाउन हवेत, आणि त्यांची किंमत पाहून नवखा माणूस दचकतो. म्हणून सहा हजारांतले सहाही कॅम्परवर घालू नयेत. चार-साडेचारांचा शोधावा.

कॅम्परच्या वजनाचा आकडा विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नये. सरकत्या कॅम्परवर बनवणाऱ्याने वजनाची पट्टी लावावी असा इथला केंद्रीय नियमच आहे. त्या वजनात किती गॅलन पाणी, किती पौंड गॅस आणि केवढा फ्रीज धरला आहे तेही पट्टीवर असतं. नंतर बसवलेला एसी, छत्री, दुसरी बॅटरी मात्र त्यात नसते. नोंदणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. काही ठिकाणी कॅम्पर म्हणजे निव्वळ माल समजतात आणि त्याला मालकीचा कागदच नसतो. तिथे अनुक्रमांक उतरवून सहीची विक्रीपावती घ्यावी.

दुसऱ्या टोकाला “जुन्यात पडूच नका, हप्त्यांवर नवा घ्या” म्हणणारे आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ते या बजेटबद्दल बोलतच नाहीत. वर्षातून थोड्या रात्री वापरायच्या खोलीसाठी दहा वर्षांचं कर्ज ही चैन आहे, काटकसर नाही. आणि नवा म्हणजे न गळणारा, हा तर निव्वळ भाबडेपणा. सीलंट उन्हात तडकायला वय विचारत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात व्यवहारी: हलका, कोरडा पॉप-अप बाजारात टिकतच नाही, सकाळी जाहिरात लागली की दुपारी गेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये खरंच तसं होतं, तेव्हा सगळेच शोधत असतात. ऑक्टोबर संपता संपता कोलोरॅडोत चित्र बदलतं. बर्फ तोंडावर आलेला, कॅम्पर ठेवायला भाड्याची जागा घ्यावी लागणार, आणि ड्राइव्हवेमध्ये ठेवला तर घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस. वजनकाट्याची पावती खिशात, टाय-डाउन आधीच चेसिसला बसवलेले आणि रोख रक्कम हातात असलेला माणूस अशा वेळी दारात उभा राहिला, तर विकणारा फार घासाघीस करत नाही.